नुसत्या पाठांतरानं भागत नाही
बी.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास कसा करावा, यावरच्या एका लेखात 'नोट्स पाठ करा' म्हटलंय. पोरं अडकतात ती प्रात्यक्षिकात. स्मृतीच्या प्रयोगाला १५ शब्द घ्या, दर २ सेकंदांनी एक, एकाच सुरात वाचून दाखवा, मग समोरच्याला आठवतील ते सांगायला लावा. कापूस, सरकी, पऱ्हाटी असे नात्यातले शब्द एका यादीत नकोत. एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात अन् सुरुवातीचे-शेवटचे शब्द जास्त आठवतात हा परिणाम झाकला जातो. काय अपेक्षित आहे ते प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतो त्याला, आधी सांगायचं नाही (मित्रच बसवला की हमखास सांगितलं जातं).

अन् सांख्यिकीची एवढी धास्ती कशाला? पाच वावरांत कापूस एकरी ४, ५, ५, ६, २० क्विंटल. सरासरी ८, मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ५. एकट्या ओलिताच्या वावरानं सरासरी फुगवली.