गाडी चौदा लाखांची, पार्ट ऐंशी लाखांच्या गाडीचे

कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहिल्या, धारोष्ण दुधाचे फेसाळ पहिले ग्लास हातात आले आणि संज्यानं मोबाइल सगळ्यांच्या पुढं धरला. काळी मर्सिडीज एस क्लास. एस ३५० सीडीआय, म्हणजे डिझेल, २०१२ची, डीएल म्हणजे दिल्ली पासिंग. मागणी चौदा लाख.

"दिल्लीत लोक फुकटात काढायलेत गाड्या. दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली हुती तिथं. आपल्यात चालती. मग झालं की!"

विक्या तर उभाच राहिला. विक्याकडं स्प्लेंडर आहे आणि तिच्या किल्लीला मर्सिडीजचं कीचेन आहे. "भावा, घेऊन टाक. नवी ऐंशी लाखांच्या पुढं होती. मी चार रील बघितल्यात. जर्मन इंजिनाला काय होत न्हाई. पाच लाख किलोमीटर आरामात!"

"चौदा लाखात नवी क्रेटा येते," अवी बँकेतल्या आवाजात म्हणाला. "वॉरंटी, नवं टायर, नवी बॅटरी. झोप लागते रात्री."

"तुला झोप लागायला गाडी कशाला पायजे? तू कौंटरवर पण झोपतोस," संज्या म्हणाला. मग पाच मिनिटं अवीच्या बँकेतली रांग, संज्याचं रखडलेलं कर्ज आणि त्या कर्जाला जामीन कोण राहिलं नाही, हे सगळं परत उगाळून झालं.

दत्ता मिस्त्रींनी ग्लास संपवला, मिशी पुसली. उद्यमनगरात मिस्त्री जर्मन गाड्यांचंच काम करतात. त्यांचा आवाज चढत नाही, त्यामुळं ते बोलायला लागले की कट्टा आपोआप गप्प होतो.

"संज्या, २०१२ची डिझेल. दिल्लीत दहा वर्षं म्हंजे २०२२ला मुदत संपली. मधली वर्षं ही गाडी कुठं हुती, इचारलंस?"

संज्या थांबला. "उभी हुती म्हणं. शेडमध्ये. फक्त अठ्ठावन्न हजार किलोमीटर झालंय."

"मग फिरलेली परवडली. उभ्या गाडीएवढी वाईट गाडी न्हाई."

विक्या हसला. "मिस्त्री, उभी गाडी झिजंल कशी?"

"झिजत न्हाई, वाळती. या गाडीला स्टीलची स्प्रिंग न्हाई. चारी चाकांवर रबराचा फुगा, त्यात हवा. गाडी महिनोन्महिने उभी ऱ्हायली की हवा हळूहळू उतरती आणि गाडी बूड टेकून बसती. रबराची घडी त्याच जागी दाबून ऱ्हाती आणि तिथंच तडकती. चालू केल्यावर फुगा वर येतो, गाडी झोकात उभी ऱ्हाती, तुला वाटतं सगळं बेस. पण तडकलेल्या घडीतनं हवा जातीच हाय. मग कॉम्प्रेसर भरत बसतो. तो सारखा चालायला केलेला न्हाई. तापतो, रिंग झिजती, जळतो. रिले, म्हंजे त्याचा विजेचा खटका, चिकटला तर गाडी बंद असताना पण चालत ऱ्हातो आणि सकाळी बॅटरी मेलेली. म्हणून कॉम्प्रेसर बदलला की रिले संगट बदलायचा. लोक काय करत्यात? कॉम्प्रेसर नवा, फुगा तोच गळका. थोड्या दिवसांत नवा कॉम्प्रेसर पण जातो, आणि शिव्या कंपनीला."

"हे कळायचं कसं?" हा प्रश्न अवीचा. क्रेटावाला अवी आता सरकून जवळ बसला होता.

"टेप घ्यायचा. रात्री सपाट फरशीवर गाडी लावायची. चाकाच्या मध्यापासनं फेंडरच्या कडेपर्यंत चारी बाजूंची मापं वहीत लिहायची. सकाळी चालू करायच्या आधी, दार बी उघडायच्या आधी, परत मापं घ्यायची. दार उघडलं की सिस्टिम जागी होती. एखादा कोपरा बोटभर उतरला असंल तर गळती तिथंच. मग फुग्याच्या वरच्या तोंडाला आणि हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांना साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला की भाव खाली. पुढचा स्ट्रट, म्हंजे फुगा आणि शॉकअप एकत्र, ओरिजिनल घ्यायचा तर एकाची भाषा लाखाची, आणि एक गेला की जोडीदार पण त्याच वयाचा असतो."

विक्यानं फोन काढला. "रीलमध्ये सांगितलंय, स्टीलच्या स्प्रिंगांचा किट मिळतोय. एकदा बसवला की टेन्शन संपलं."

"म्हंजे एस क्लास घ्यायची आणि तिची टॅक्सी करायची. मग क्रेटाच घे की!"

अवीनं ग्लास उंचावला. त्या संध्याकाळी क्रेटाचं नाव निघालं आणि कुणी हसलं नाही असं तेवढ्या एकदाच झालं.

विषय इंजिनाकडं वळला आणि मिस्त्रींनी म्हशीकडं बोट केलं. "म्हैस घेताना काय करतोस? दोन वेळची धार बघतोस. का? तर विकणारा आदल्या वक्ताला धार काढत न्हाई, कास तुंबवून आणतो. गाडीचं तसंच. तू पोचायच्या आधी त्यानं इंजिन गरम करून ठेवलेलं असतंय. गरम इंजिन सगळं लपवतं. पहिलं काम, बॉनेटवर हात. कोमट लागलं तर परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यायचं. थंड इंजिन तुझ्यासमोर चालू झालं पायजे. आवाज ऐक, धूर बघ, गाडी थरथरती का बघ."

पुढं ते जे बोलले ते या इंजिनाची गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावं असं आहे. या एस क्लासमधलं इंजिन म्हणजे ओएम ६४२, तीन लिटरचं व्ही सहा सिलिंडर डिझेल. मुळात दणकट, पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवलेला. त्याखालची सीलं जुन्या गाड्यांत केशरी रंगाची. उष्णतेनं ती कडक होतात आणि तेल खोबणीत साठायला लागतं. तिथून मागं वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून खाली ठिबकतं.

"खालनं बघणारा म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलं," मिस्त्री म्हणाले. "गिअरबॉक्स उतरवतो, सील घालतो, बिल लावतो. पंधरा दिवसांत ठिबक परत. कारण तेल वरनं येतंय! आधी खोबणीत कॅमेऱ्याची नळी घालून बघायचं. तिथं तेल दिसलं तर वरनं उघडायचं. टर्बो, हवा आत नेणारे दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड, सगळं बाहेर. सील एवढंसं, मजुरी दोन दिवसांची. नवी सीलं जांभळ्या रंगाची येत्यात, तीच घालायची. आणि एवढं उघडलंच हाय तर टर्बोच्या तोंडाचं सील पण त्याच दिवशी बदलायचं. ते कशासाठी, माहितीय?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"इंजिनाची वाफ तेलासकट टर्बोच्या तोंडाशी येती. ते सील वाळलं की तेल थेंबथेंब खाली पडतं. खाली काय? इनटेकच्या पडद्यांची मोटर. बरोबर थेंबाखाली! मोटर तेलात भिजून मरती, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हंजे लंगडत चालायच्या मोडमध्ये जाती, पिकप संपला. लोक मोटर बदलत्यात, वरचं सील तसंच. नवी मोटर परत भिजती."

"त्याला जुगाड हाय!" विक्या परत उभा. "४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. दोन रुपयांचा. ईसीयूला, म्हंजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं मोटर चालू हाय."

"हाय की. आणि गाडी बघायला गेलो की मी पयला तोच शोधतो. रेझिस्टर सापडला म्हंजे मालक दोन रुपयांचा. ज्यानं हिथं पैसं वाचवलं त्यानं गिअरबॉक्सचं तेल बदललं असंल व्हय?"

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. जुन्या महागड्या गाडीत आपण यंत्र विकत घेतो त्याच्या दुप्पट आधीच्या मालकाची सवय विकत घेतो. फाइल जाड असेल, बिलांवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चासी नंबर असेल, दरवर्षी तेल बदललेलं दिसत असेल, तर लाखभर जास्त गेले तरी चालतील. ओएम ६४२ला आठेक लिटर तेल लागतं, मर्सिडीजच्या २२९.५१ मान्यतेचं. कंपनीचं पुस्तक पंधरा हजार किलोमीटर म्हणतं, पण गावातल्या छोट्या फेऱ्या असतील तर दहा हजाराला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावं. सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल बघायची डिपस्टिक नाही. तेलाची पातळी ४५ अंशांना मोजावी लागते. ज्या गॅरेजवाल्याकडं तापमान वाचायला स्कॅनर नाही, त्याला त्या गिअरबॉक्सला हात लावू देऊ नये.

"आणि अठ्ठावन्न हजारांचं काय?" मी विचारलं.

"स्कॅनर लावायचा. फॉल्ट कोड साठतो तेव्हा संगट किलोमीटरची नोंद ऱ्हाती. मीटरवर अठ्ठावन्न आणि फॉल्टच्या नोंदीत एक लाख दहा असंल तर नमस्कार करून चहा पिऊन यायचं. टायर बघ, चार आकडी नंबर असतोय, आठवडा आणि वर्ष. स्टिअरिंगचं कातडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या शिटाची बाजू, ही खोटं बोलत न्हाईत."

कट्ट्यावर आमच्यातच बसलेल्या सरांनी मग पुराचा विषय काढला. दिल्लीत जुलै २०२३ला यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती, आणि २०१९, २०२१ आपल्या पंचगंगेचं आपण बघितलंच आहे. पाण्यातली गाडी ओळखायला कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. तरी मिस्त्रींनी समोर लावलेल्या एका गाडीचं दार उघडायला लावलं आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पट्टा चापापाशी काळा कुळकुळीत, पण रिळातनं निघालेल्या शेवटच्या वीतभरावर एक फिकट, मातकट रेघ आडवी गेलेली. नखानं खरवडली तर बारीक गाळ निघाला. "शाम्पू शिटाला लावत्यात," ते म्हणाले. "पट्टा शेवटपर्यंत ओढून कोण धुतंय?" ती गाडी कुणाची होती ते इथं लिहीत नाही. मालक तिथंच दूध पीत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

कागदांचं सरांनी दोन मिनिटांत संपवलं. दिल्लीच्या आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे एनओसी, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय टोकनपलीकडं रुपया द्यायचा नाही. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. इकडं मालकी बदलायला फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबरसाठी २७. रोड टॅक्स तू दिलेल्या चौदा लाखांवर नाही, मूळ किमतीवरून निघतो आणि वयाप्रमाणं कमी होतो. थकलेले चलन आधी बघ. "आणि २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील," सर म्हणाले. "फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. आपला कोल्हापूरचा एमएच ०९ लावून हौस फिटेपर्यंत परत आरटीओच्या दारात."

संज्या पडलेल्या आवाजात म्हणाला, "म्हंजे घेऊच नको?"

"आरं, घे की! कोण नको म्हणतंय?" मिस्त्रींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तसली गाडी एकदा हातात धरून बघावी माणसानं. शंभरच्या वर गेल्यावर ती जी रस्त्याला चिकटती, ते दुसऱ्या कशात न्हाई. पण चौदा लाख हातात असतील तर दहाची गाडी घे आणि चार बाजूला ठेव. गाडी चौदा लाखांची झाली म्हणून पार्ट चौदा लाखांच्या गाडीचे होत न्हाईत. ते ऐंशी लाखांच्या गाडीचेच ऱ्हात्यात. मर्सिडीजचीच ई २५० सीडीआय बघ, २०१४ची, महाराष्ट्र पासिंग, एका मालकाची. चार सिलिंडर, २१४३ सीसी, ५०० न्यूटन मीटर टॉर्क. खाली साधी स्टीलची स्प्रिंग. रात्री टेप घेऊन बसायला नको."

टेप म्हटल्यावर अवीच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "संज्या, पण लावणार कुठं?"

"शेडमध्ये."

शेड म्हणजे संज्याच्या वडिलांनी अँबेसेडरसाठी बांधलेली. तिची मागची भिंत अवीच्या हद्दीत सहा इंच आलीय, असं अवीच्या घरचे बावीस वर्षं म्हणतायत. पन्हाळीचं पाणीही अवीच्या परसातच पडतं.

"शेड किती आतनं?"

"सोळा फूट."

सरांनी फोनवर शोधलं. "एस क्लास लांब व्हीलबेसची. सव्वापाच मीटर. सतरा फुटांच्या वर."

"डिकी तेवढी दिल्लीतच ठेवून ये!" विक्या ओरडला. दिवसभरात त्याचं हे पहिलंच बरोबर बोलणं.

"आणि ई?" संज्यानं आशेनं विचारलं.

"२०१४ची... ४८७९ मिलिमीटर." सरांनी मोबाइलवरच सोळा फुटांचे मिलिमीटर केले आणि ते स्वतःच हसायला लागले. "शेड ४८७७."

"दोन मिलिमीटर!" संज्या अवीकडं वळला. "अव्या, मागच्या भिंतीचं प्लास्टर जरा खरवडून घेतो हं."

अवीनं ग्लास खाली ठेवला. "आधी सहा इंचाचं बोल. मग दोन मिलिमीटरचं बघू."

म्हशी दचकल्या एवढा हशा झाला. दूधवाला पैसे मागायला आला तेव्हा संज्या आणि अवी मिस्त्रींच्या टेपची दोन टोकं धरून संज्याच्या गल्लीकडं निघालेले होते.