बॅजवरचा बारकोड तुमचा फोन रिकामा करत नाही

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या उद्योजकांच्या आणि निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: प्रदर्शनात गळ्यातला बॅज कुणालाही स्कॅन करू देऊ नका. त्या बारकोडमध्ये तुमचं आधार आणि बँकेची माहिती असते. स्टॉलवाल्याच्या हातातला बिनतारी स्कॅनर खिशातल्या फोनमधले नंबर खेचून घेतो. मंडपात तुम्ही कुठं-कुठं फिरलात ते आयोजकांना सतत दिसतं. नंतर ठगांचे जे फोन येतात, ते या स्कॅनमुळेच. म्हणून बॅज उलटा घाला आणि नाव वहीत लिहा.

माझं कामच प्रदर्शनातल्या नोंदणी काउंटरचं, त्यामुळे हा मेसेज मला चहूबाजूंनी आला. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात आणि त्यांची काळजी खोटीही नाही. पण सगळा प्रकार आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी असा झालाय.

आधी बारकोडमध्ये काय असतं ते बघू. नाशिकमधली प्रदर्शनं ठक्कर डोममध्ये असोत की डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर, काउंटरवर तुम्ही नाव, फर्म, गाव, मोबाइल सांगता. संगणक एक नोंदणी क्रमांक देतो आणि बॅजवर तोच क्रमांक रेघांमध्ये छापला जातो. उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये सहसा तेवढंच असतं; नाव-पत्ता सगळं भरायचं म्हटलं तर रेघा बॅजबाहेर जातील. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंद असते, तिच्यात पेटीपासून बागेपर्यंत माग लागतो तो क्रमांकामुळे. रेसिड्यू म्हणजे फवारणीच्या औषधाच्या अंशाच्या तपासणीचा अहवाल काही पेटीवर छापलेला नसतो, तो नोंदीत असतो. बॅजचंही तसंच.

आता आधारचा 12 आकडी क्रमांक रेघांमध्ये बसू शकतो, हे खरं. पण तुम्ही तो दिलाच नसेल तर छापणार कुठून? काउंटरवर कुणी आधार मागितलंच तर सरळ नाही म्हणा. हा गैरसमज बहुधा आधार कार्डावरच्या क्यूआर कोडमुळे पसरला असावा, कारण त्यात माणसाचा तपशील खरोखरच भरलेला असतो.

चौकोनी क्यूआर कोडच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तो तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. मोठ्यात मोठ्या आकारात त्यात 4,296 इंग्रजी अक्षरं-आकडे मावतात. त्यामुळे काही ठिकाणी नाव, फर्म, मोबाइल असं सगळं उघड मजकुरात थेट बॅजवर छापलं जातं. हा धोका खरा आहे आणि नेमका त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. बॅज हातात आला की आपल्याच फोनमधल्या स्कॅनिंग ॲपनं तो वाचून बघा. नुसता क्रमांक निघाला तर निर्धास्त गळ्यात घाला. नाव-नंबर निघाला, तर तो बॅज घातलेला फोटो फेसबुकवर टाकू नका आणि बाहेर पडताना तो गेटजवळच्या डब्यात न टाकता घरी नेऊन फाडा.

दुसरा मुद्दा, फोनमधले नंबर खेचण्याचा. हे साफ चूक आहे. रेघा वाचणारा स्कॅनर सहसा लाल उजेड टाकतो. काळ्या रेघा तो गिळतात, पांढऱ्या जागा परत फेकतात, आणि त्या कमी-जास्त उजेडावरून आकडे ओळखले जातात. बिनतारी असतो तो पुढचा टप्पा: स्कॅनरपासून स्टॉलवरच्या लॅपटॉपपर्यंत, ब्लूटूथवरून किंवा वायफायवरून. असे बरेच स्कॅनर लॅपटॉपला कीबोर्ड म्हणूनच जोडलेले असतात. एक्सेल उघडं असेल तर चौकटीत आकडे आपोआप उमटतात आणि कर्सर खालच्या ओळीवर जातो, जणू कुणी टाइप करून एंटर दाबलं. या सगळ्या व्यवहारात तुमचा फोन कुठंच नाही. खिशातला फोन ब्लूटूथनं कशाला जोडायचा असेल तर आधी त्यावर विचारणा येते आणि होकार तुम्हाला द्यावा लागतो.

काही स्टॉलवर टेबलाला चिकटवलेला एक लॅमिनेट केलेला कागद असतो, तो कधी नीट बघा. त्यावर ‘कोटेशन पाठवा’, ‘डेमो हवा’, ‘डीलरशिप’ अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे एक बारकोड. स्टॉलवरचा मुलगा आधी तुमचा बॅज स्कॅन करतो आणि मग त्यातल्या एखाद्या ओळीवर स्कॅनर धरतो. तुमच्या नावापुढे काय नोंदलं गेलं, ते तिथंच समोर दिसतं. पटलं नाही तर त्याच वेळी सांगा.

धास्ती बाळगायचीच तर उलट्या दिशेची बाळगा. स्टॉलवर ‘स्कॅन करा, बक्षीस जिंका’ असा कोड लावलेला असतो आणि तो तुम्ही स्वतःच्या फोननं स्कॅन करता. तिथं लिंक उघडते, ॲप उतरवायला सांगतात, परवानग्या मागतात. आणि बक्षिसाचे पैसे जमा करायला यूपीआय पिन टाका म्हणाले की समजा, खात्यातून पैसे जाणार. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

माग काढण्याचा मुद्दा थोडक्यात. कागदावरची शाई स्वतःहून काही पाठवत नाही. जिथं तुम्ही बॅज पुढे केला, गेटवर, चर्चासत्राच्या दारात, स्टॉलवर, तिथली वेळ नोंदली जाते. मधल्या फिरण्याची नाही. आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप असलेले बॅज वेगळे, त्यातले काही प्रकार काही फुटांवरूनही वाचता येतात. बॅज जाड वाटला तर उजेडासमोर धरा, आतली तारेची नक्षी बहुतेक वेळा दिसते. दिसली तर आयोजकांना जरूर विचारा.

राहिले ठगांचे फोन. नंबर बाहेर जातो हे खरं, पण तो स्कॅनरमधून जात नाही. प्रदर्शन संपलं की स्टॉलधारकाकडे यादी असते. ती एक्सेल फाइल सेल्सच्या मुलाला जाते, त्याच्याकडून मित्राला, तिथून एजंटला. फाइलला पासवर्ड नाही, कुणाकडे गेली याची नोंद नाही. लकी ड्रॉच्या काचेच्या भांड्यातल्या व्हिजिटिंग कार्डांचंही असंच होतं. आणि मेसेज सुचवतो ती वही तर यात सर्वांत वाईट. टेबलावर उघडी पडलेली, तुमच्या आधीच्या पन्नास जणांचे नंबर तुम्हाला दिसतात आणि तुमचा पुढच्या प्रत्येकाला. एक फोटो काढला की पान गेलं. वहीत नाव लिहायला सांगणारा हा सल्ला लोकांचं नुकसान करणारा आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली ते सांगायचं, त्याच कामापुरती वापरायची, आणि संमती दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, हे त्यात आहे. तेव्हा फॉर्मवर ‘माझा नंबर स्टॉलधारकांना द्या’ या चौकटीत आधीच खूण असेल तर ती काढायला लावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि काउंटरवर एवढं विचारा: यादी कुणाला देणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार? उत्तर इंग्रजीत बारीक अक्षरांत पुढे केलं, तर मराठीत मागा. माहिती कशासाठी घेतली हे सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे.