त्यांचे ४७ पैकी ७ थ्री, तरी हरलो आपणच

१ मे २०२५ ची सुट्टी होती म्हणून यावेळी कोणाला ऑफिसात टेबलाखाली मोबाईल धरून मॅच बघायला लागली नाही, सगळ्यांनी घरी बसून रीतसर बघितली आणि संपल्या संपल्या तोंडं पाडून कट्ट्यावर हजर. एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) प्लेऑफची पाचवी मॅच, मिनेसोटा १०३, आपले लेकर्स ९६. सिरीज ४-१. सीझनला ५० मॅच जिंकून वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिम गटात) तिसरे आलेलो आपण (पुण्यात बसून "आपण" म्हणतोय, माहितीये) आणि पहिल्याच राउंडला गाशा गुंडाळला.

आमच्यातला लंबू कॉलेजला सेंटर (रिंगजवळचा सगळ्यात उंच खेळाडू) म्हणून खेळायचा आणि ते कोणाला विसरू देत नाही. चहा यायच्या आधीच सुरू झाला. "अरे त्यांचा सेंटर गोबेर! २७ पॉइंट, २४ रिबाउंड! ज्याच्या हातात बॉल टिकत नाही म्हणून इतकी वर्षं हसलो त्याने आपल्या घरात येऊन हाणलं. त्यांचे लांबून मारलेले ४७ पैकी ७ थ्री गेले राव, सात! इतकं भिकार शूटिंग करून जिंकतात म्हणजे चुकलेला बॉल कोण घेत होतं? आपल्यात उंच कोण होतं? आपला सेंटर हेज, त्यालाही बाकावर बसवलेला."

"बाकाचं बोलूच नको," सीए म्हणाला. चौथ्या मॅचचं त्याच्या अजून डोक्यात होतं. आपल्या कोचने, रेडिकने, अख्खा सेकंड हाफ तेच पाच जण खेळवले, एक बदल नाही, त्यात लेब्रॉन ४० वर्षांचा, आणि चौथ्या क्वार्टरला दहाने पुढे असलेली मॅच तीनने घालवली. समोर मिनेसोटाच्या एडवर्ड्सचे ४३ पॉइंट. पण मला विचाराल तर कोचला शिव्या देऊन काय होणार, बाकावर विश्वास ठेवावा असं होतं तरी कोण.

यात खरी गंमत आपल्या उंच डेव्हिसची आहे. जानेवारीत तो बिचारा उघड म्हणत होता की माझ्या जोडीला एक सेंटर आणा. मॅनेजमेंटने फेब्रुवारीत त्यालाच डॅलसला दिला. बदल्यात त्यांचा स्टार लुका आला त्याबद्दल तक्रार नाही, मी त्या दिवशी पेढे वाटलेत, पण उंच माणूस गेला तो गेलाच. मग शार्लटचा सेंटर मार्क विल्यम्सचा ट्रेड केला, नेक्ट, रेडिश हे दोन खेळाडू आणि २०३१ चा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) देऊन, तो मेडिकलमध्ये रद्द झाला आणि नेक्ट बॅग घेऊन परत आला. लग्न मोडून मुलगा घरी आल्यासारखं झालं ते.

"म्हणून सांगतो, आपला रीव्ह्ज विका आणि सेंटर आणा," काका म्हणाले. काकांचं गणित सोपं असतं. शॅक होता तेव्हा २००० ते २००२ लागोपाठ तीन टायटल, त्याच्या आधी करीम, नंतर गसोल, २०२० ला डेव्हिस. "मोठा माणूस नसताना लेकर्स कधी जिंकलेत सांग मला." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पण सीए उसळला. "अहो काका, वीस पॉइंट काढणारा पोरगा वर्षाला जेमतेम १.३ कोटी डॉलरमध्ये मिळतोय, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलापण नव्हता त्याला, तो विकणार आणि त्याच पगारात काय आणणार? लेब्रॉन थांबला तर एकटाच ५ कोटीच्या वर घेणार."

"बचावात उघडा पडतो तो. एडवर्ड्सने शोधून शोधून गाठला त्याला."

"लुकाला नाही गाठला? मग लुका पण विकू?"

इथे पाच मिनिटं कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं.

माझं म्हणणं मी मांडलं ते असं, की आपल्या खिशात आता धड एकच नोट आहे, तो २०३१ चा पिक. २०२७ चा वेस्टब्रुकला टीममधून घालवताना युटाला गेला, २०२९ चा लुकासाठी डॅलसला. आणि लागोपाठ दोन वर्षं ड्राफ्टच्या पहिल्या राउंडचा पिक नाही असं करता येत नाही, त्यामुळे मधलेपण अडकले. ही शेवटची नोट गोबेरच्या रागात मोडायची नाही. लुकाला पोस्टमध्ये (रिंगपाशी पाठ लावून) खेळणारा महागडा सेंटर लागतच नाही, त्याला स्क्रीन लावून (समोरच्याची वाट अडवून) रिंगकडे पळणारा आणि वर टाकलेला बॉल हाणणारा लागतो. डॅलसने २०२४ ला तेच केलं, असे दोन सेंटर घेतले, लाइव्हली ड्राफ्टमधून, गॅफर्ड सीझनच्या मध्यात वॉशिंग्टनकडून, आणि फायनलला गेले की नाही? असा माणूस कोणीतरी सोडलेला असतोच, थोडं थांबावं लागतं.

"फायनल हरले पण," लंबू. "४-१."

"आपण पहिला राउंड हरलो. ४-१."

"थांबायचं म्हणजे किती?" काकांनी विचारलं. "लेब्रॉन डिसेंबरात ४१ चा होईल."

हे मात्र लागलं. लुका २६ चा, त्याच्यासाठी टीम बांधायची तर थांबायला हरकत नाही, लेब्रॉनसाठी बांधायची तर आजच सगळं विकायला पाहिजे, आणि मॅनेजमेंटला दोन्ही एकदम करायचंय. सीएने मोबाईलवर पगारांचे आकडे काढून बेरीज करायला घेतली, लंबू म्हणाला तू नुसता सात फुटी शोध बाकी मी बघतो, आणि काकांनी अजून तीन कटिंग सांगितले.