गॅरेजमध्ये गोल्फ मॅट टाकताय? मग नीट ऐका

आधी अभिनंदन. न्यू जर्सीत घर झालं, ऑफिसात सगळे गोल्फ खेळतात म्हणून काठ्यांचा, म्हणजे क्लबचा, सेट घेतला, आणि आता थंडीत बाहेर जाता येत नाही म्हणून सरावाला गॅरेजमध्ये खोट्या गवताची मॅट टाकायचं ठरलंय. उत्तम. गॅरेज दोन गाड्यांचं आहे, एकात गाडी आणि दुसऱ्यात गणपतीचं मखर, इंडियाच्या बॅगा, जादाचा फ्रीज, म्हणजे जागाच जागा.

छत मोजायच्या फंदात पडू नका. ड्रायव्हर, म्हणजे सेटमधला सगळ्यात लांब क्लब, मोकळा फिरवायला साधारण 9-10 फूट लागतात म्हणे, तुमच्याकडे 8 आहेत, त्यात डोक्यावर दार उघडायच्या मोटरची पट्टी, वर मॅट स्वतःच इंच-दीड इंच खाणार. चालतंय. क्लब पट्टीवर आपटला आणि आतून "काय पडलं?" असं आलं की "काही नाही गं" म्हणायचं.

मॅट कुठली? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पातळ. काही शहाणे तुम्हाला सांगतील की 5 बाय 5 फुटांची घ्या, खाली जाड फोम हवा, बॉल मारायची पट्टी वेगळी आणि बदलता येणारी हवी, लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) आत घुसली पाहिजे वगैरे. त्यांचं ऐकाल तर फसाल, कारण मऊ मॅटवर बॉलच्या मागे क्लब बसला की तो थोडा रुततो आणि चूक लगेच कळते. पैसे मोजून स्वतःच्या चुका कोण विकत घेतं राव! काँक्रीटवर पातळ मॅट टाका, मग बॉलच्या 2 इंच मागे हाणलं तरी क्लब टप्पा खाऊन घसरत जातो आणि बॉलला लागतोच, टक्क असा झकास आवाज येतो, बॉल समोरच्या नेटमध्ये, आणि पुढे तो कुठे गेला असता हे विचारणारं कुणी नाही. खऱ्या गवतावर याच शॉटला मातीचं ढेकूळ बॉलच्या पुढे गेलं असतं. एवढं कौतुक तर बारशाला बाळाचंसुद्धा होत नाही.

कोपर दुखेल, हो. प्रत्येक वेळी क्लब फरशीवर आदळल्यावर तो दणका कुठेतरी जाणारच ना. आतल्या बाजूने दुखलं तर गोल्फर्स एल्बो, बाहेरच्या बाजूने दुखलं तर टेनिस एल्बो, आणि तो गोल्फवाल्यांनाही होतो, म्हणजे एका खेळाच्या पैशात दोन खेळ. फिजिकल थेरपीचा को-पे, म्हणजे इन्शुरन्स असूनही खिशातून द्यायचा वाटा, वेगळा.

साइज शक्यतो लहानच घ्या. बॉल मॅटवर आणि तुम्ही खाली फरशीवर, म्हणजे बॉल कायम पायांपेक्षा वर. चढणीवर उभं राहून मारायची सवय लागली की सपाट जमीन तुम्हाला आयुष्यात सोपी वाटणार नाही. तोंड असं करून उभे राहा की गाडी बरोबर उजवीकडे येईल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शँक, म्हणजे क्लबच्या दांड्याजवळ लागून आडवा सुटलेला बॉल, तिकडेच जातो, आणि 46 ग्रॅमचा बॉल दाराला काय करतो हे इन्शुरन्सवाल्यालाही बघू दे.

क्लबच्या तळाला हिरवे पट्टे उमटतील, घासून मॅटचे धागे वितळतात त्याचे. पुसू नका हं! मंडळाच्या गोल्फ आउटिंगला लोकांना दिसले पाहिजेत.

आता ठेवायची कशी. नवीन मॅट गुंडाळून आलेली असते, कडा वर राहतात, त्यावर तांदळाची पोती ठेवली की दोन-चार दिवसांत बसतात (हा सल्ला चुकून खरा निघालाय, माफी असावी). परत गुंडाळायची तर गवत बाहेरच्या बाजूला आणि सैल, असं जाणकार म्हणतात, पण तुम्ही सरळ मधोमध घडी घाला, तीही कडाक्याच्या थंडीत रबर ताठ झालेलं असताना. कायमची रेघ पडते, त्या रेघेवरच बॉल ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वाईट शॉटला कारण तयार. नाहीतर भिंतीला उभी टेकवा, थोड्याच दिवसांत कंबर मोडून बसते. आणि पसरलेलीच ठेवणार असाल तर उचलून खाली अजिबात बघू नका, गाडीच्या टायरमधून आलेलं बर्फाचं खारट पाणी तिच्याखाली मुरतंय, कुबट वास येतोय, मुरू दे. उन्हाळ्यात इंडियाहून आई आल्यावर "एवढं मोठं पायपुसणं कशाला रे?" विचारतील आणि चपला त्यावरच काढतील.

मग एप्रिलमध्ये कोर्सवर जा. पहिल्याच होलला क्लब जमिनीत रुतेल, बॉल होता तिथेच राहील आणि सोबतचे तिघं आभाळाकडे बघतील. तुम्ही वाकायचं, गवतावरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "मेंटेनन्स पार गेलाय हो यांचा."