समोरच तर आहे

सिडनीला पुतण्याकडे गेलो, तेव्हा आम्हां उभयतांना एका दिवसात शहर दाखवून टाकण्याचे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. सकाळी चहाबरोबर त्याने एक कागद पुढ्यात ठेवला. त्यावर प्रत्येक स्थळापुढे मिनिटे लिहिली होती आणि दोन स्थळांमधल्या अंतराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : ‘समोरच’. त्या शब्दावर विश्वास ठेवणे ही माझी त्या दिवसाची पहिली चूक. दुसरी चूक नव्या बुटांची, पण ती मला दहा वाजेपर्यंत कळली नाही.

बंदराच्या शहरात सगळेच दिसते, हीच खरी मेख आहे. इतर शहरांत पुढचे प्रेक्षणीय स्थळ चार गल्ल्यांआड दडलेले असते, त्यामुळे माणूस निमूटपणे टॅक्सी करतो. इथे मध्ये नुसते पाणी असल्याने पलीकडच्या काठावरची झाडेसुद्धा मोजता येतात, आणि इतक्या जवळच्या ठिकाणी वाहनाने जायचे म्हणजे माणसाला आपलीच लाज वाटते. मग किनारा जिथे जिथे आत वळला आहे, तिथे तिथे आपणही वळतो. सिडनीचा किनारा तर सरळ जाणे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशा थाटात वळलेला आहे.

आरंभ ऑपेरा हाउसपासून झाला. वेळ पंधरा मिनिटे. चित्रांत पांढरीशुभ्र दिसणारी त्याच्या छपराची ती शिडे हाताच्या अंतरावरून पाहिली, तेव्हा ती मुळी एका रंगाची नव्हतीच. काही फरश्या तकतकीत, तर काही मंद सायीच्या रंगाच्या होत्या. त्या एकूण १०,५६,००६ आहेत, असे पुतण्याने सांगितले. दहा लाखांचे मला काही वाटले नाही, पण शेवटच्या सहा कोणी मोजल्या असतील, या विचारात माझी चार मिनिटे गेली. ७० लाख डॉलरचा अंदाज असलेली ही इमारत १० कोटी २० लाखांवर गेली आणि १९७३ साली एकदाची खुली झाली. तिचा डॅनिश वास्तुशिल्पी यॉर्न उत्झॉन १९६६ मध्येच काम सोडून गेला आणि पूर्ण झालेली इमारत पाहायला पुन्हा कधीच आला नाही. सकाळी मला त्याची हळहळ वाटली. दुपारनंतर मात्र स्थलदर्शन टाळण्यामागचे त्याचे शहाणपण हळूहळू लक्षात येऊ लागले.

"आता मिसेस मॅक्वॉरीज चेअर," पुतण्या बोट दाखवत म्हणाला, "ते बघा काका, समोरच."

ते समोरच होते. मध्ये फार्म कोव्ह नावाचे लहानसे आखात होते आणि आम्ही वनस्पती उद्यानाच्या कडेने त्याला वळसा घालू लागलो. बराच वेळ चालल्यावर मी पाहिले, तर चेअर होती तेवढीच दूर होती, मागचे ऑपेरा हाउस मात्र अधिकाधिक देखणे होत चालले होते. हिने तीन वेळा थांबून त्याचे छायाचित्र काढले. तिन्ही वेळा मी कठड्यावर बसलो, आणि छायाचित्रणाच्या कलेविषयी इतका आदर मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

चेअर म्हणजे वालुकाश्मात कोरलेले एक बाक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर मॅक्वॉरींच्या पत्नीसाठी ते कैद्यांकडून कोरून घेतले गेले आणि त्यावर बसून बाई येणारीजाणारी जहाजे पाहत असत, असे सांगतात. स्थलदर्शन कसे करावे, हे त्या शहरात या एकाच व्यक्तीला समजले होते. एका जागी बसावे आणि जग समोरून जाऊ द्यावे. खडकावर कोरलेली अक्षरे वाचण्यासाठी मी चष्मा लावला, ती वाचली आणि मग बाईंच्या जागेवर बसून डोळे मिटले. पुतण्याने तेवढ्यात छायाचित्र काढले आणि कागद पाहून म्हणाला, "काका, आपल्याला सात मिनिटे उशीर झालाय. आता हार्बर ब्रिज."

पूल अर्थातच समोर होता. म्हणजे तेच आखात उलट दिशेने, मग धक्का, मग द रॉक्स या जुन्या वस्तीचा चढ, आणि शेवटी पुलाच्या टोकाशी असलेल्या दगडी मनोऱ्याच्या २०० पायऱ्या. हे मनोरे कमानीचा भार पेलत नाहीत, ते केवळ शोभेसाठी आहेत, ही माहिती पुतण्याने मला वर पोहोचल्यावर दिली. १९३२ साली प्रांताचे प्रीमियर जॅक लँग पुलाच्या उद्घाटनाची फीत कापणार, तोच फ्रान्सिस डी ग्रूट नावाच्या गृहस्थाने घोड्यावरून येऊन तलवारीने ती छाटून टाकली. लोकांनी त्याला खाली ओढले, फीत पुन्हा बांधली आणि पुढे त्याला पाच पौंड दंड झाला. पुतण्या ही हकिगत मोठ्या रंगात येऊन सांगत होता. मला त्यातली एकच गोष्ट भावली : त्या माणसाकडे घोडा होता.

धक्क्यावर परतल्यावर बटाट्याचे काप घेतले. लाल पायांचा एक सीगल माझ्यासमोर एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय त्याने पोटाशी असा काही दुमडून घेतला होता, की हिला तो लंगडाच वाटला आणि "अहो, द्या ना त्याला एक," असे ती म्हणाली. मी काप उचलला, त्या क्षणी त्याचा दुसरा पाय बाहेर आला, पंख फडफडले आणि काप बोटांतून गेला. बसल्या जागी सगळे मिळवणारा, मॅक्वॉरीबाईंनंतरचा हा दुसरा जाणकार.

त्यानंतर मॅनली या समुद्रकाठच्या उपनगराकडे जाणारी फेरीबोट. अर्धा तास पाण्यावरून जायचे आणि बसून जायचे, एवढेच मला पुरे होते. खुल्या महासागराचे तोंड जिथे लागते, तिथे बोट चांगलीच हलते. इतर प्रवासी दांड्याला धरून उभे राहिले, मी मात्र बूट काढून स्वस्थ बसलो. मॅनलीचा किनारा फार सुंदर आहे, असे हिने मला नंतर सांगितले. मी तिथल्या धक्क्यावरच थांबलो होतो.

परतताना ऊन उतरले होते. पुतण्याने दिवसभराची छायाचित्रे दाखवायला फोन पुढे केला आणि मी चष्म्यासाठी खिसा चाचपला. मग दुसरा खिसा चाचपला. हिने काही न बोलता फोन आपल्याकडे घेतला आणि मिटल्या डोळ्यांचा मी दगडी बाकावर बसलेलो होतो, ते छायाचित्र दोन बोटांनी मोठे केले. माझ्या उजव्या हाताशी, दगडावर, काड्या नीट दुमडून ठेवलेला चष्मा स्वच्छ दिसत होता.

नेमकी त्याच वेळी बोट त्या टोकावरून चालली होती. पुतण्याचा चेहरा उजळला.

"काका, काळजीच नको! ते बघा, समोरच तर आहे!"

मी बुटांकडे पाहिले. ते बाकाखाली होते तसेच होते, पण माझे पाय आता त्यांत मावण्याइतके लहान राहिले नव्हते.