“60 पट म्हणून विकलं आणि धूसर दिसतं” या स्पॉटिंग स्कोपच्या (लांबचे पक्षी बघायची एका नळीची दुर्बीण) एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. भिगवणची पक्षी बघायची ट्रिप वाया गेली, मुलांसमोर मूड गेला, त्याबद्दल मनापासून सॉरी. दुकानातल्या मुलाने फोनवर नीट उत्तर दिलं नाही असं लिहिलंय, त्याला समज दिलीये.

पण “30 चा फिक्स्ड आयपीस असतो हे सांगितलंच नाही, महाग म्हणून झूम गळ्यात मारला” (आयपीस म्हणजे स्कोपला जिथे डोळा लावतो तो भाग; फिक्स्ड एकाच पटीचा, झूमची पट बदलता येते) हे जे लिहिलंय ना, ते वाचून खरंच वाईट वाटलं. कारण सांगितलं होतं, नुसतं सांगितलं नाही तर दाखवलं होतं. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर स्कोप लावून पर्वतीच्या देवळाचा कळस आधी 20-60 च्या झूममधून आणि मग 30 च्या वाइडमधून, म्हणजे रुंद दाखवणाऱ्या फिक्स्डमधून दाखवला, तुम्हीच म्हणालात की हा दुसरा मोकळा वाटतो, आणि लगेच विचारलंत “पण यात 60 नाही ना?”. मित्राकडे 60 वाला आहे म्हणालात. मी म्हटलं रोज वापराल ते 25 ते 40 मध्येच वापराल, 60 कधीतरी. त्यावर तुम्ही हसलात आणि “असू दे हो, असलेलं बरं” म्हणालात. आता यात गळ्यात मारलं कुठे?

आणि महाग म्हणून म्हणाल तर हिशोब उलटा आहे सर. या मॉडेलला झूम बॉडीबरोबर सेटमध्येच येतो, फिक्स्ड वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे मला बिलच वाढवायचं असतं तर मी 30 चा आग्रह धरला असता. तुम्हीच म्हणालात की आधी आहे त्यावर भागवतो. तुमच्या बिलावर दुसरा आयपीस नाहीये, बघून घ्या.

आता धूसर का दिसलं ते सांगतो, कारण हे इतर लोकही वाचतायत आणि दोन जणांनी ऑलरेडी फोन करून विचारलं की तुमच्याकडचे स्कोप खराब निघतात का. तुमच्या स्कोपची पुढची काच 80 मिमीची. 20 वर ठेवला की डोळ्याकडे येणारा उजेडाचा गोल 4 मिमीचा असतो (80 भागिले 20, साधं गणित आहे), 60 वर नेला की 1.3 मिमी. वाढ तिप्पट, पण ती उंचीलाही आणि रुंदीलाही, म्हणून उजेड नऊ भागांत वाटला जातो, एका भाकरीचं तूप नऊ भाकऱ्यांना लावल्यासारखं. हे सगळ्याच 80 च्या स्कोपला होतं, दुप्पट-तिप्पट किमतीच्यालाही. त्यांची काच भारी असते म्हणून 60 ला कडा जास्त स्वच्छ दिसतात, पण उजेड त्याही वाढवू शकत नाहीत.

“नळीतून बघतोय असं वाटतं” ही तक्रार मात्र बरोबर आहे, ती 20 ला वाटते. झूम आयपीसचा हा स्वभावच आहे, सगळ्यात कमी आकड्याला तो सगळ्यात कोंदट असतो. 30 चा वाइड जवळपास तेवढाच पट्टा दाखवतो जेवढा झूम 20 ला दाखवतो, म्हणून तो मोकळा वाटतो. शिवाय तुम्हाला चष्मा आहे, आयपीसचं रबर खाली दुमडून बघायचं असतं, हेही दाखवलं होतं, असो.

पण खरा घोळ वेळेचा आहे. तुम्ही व्हॉट्सअपवर जो फोटो पाठवलात त्यावर दुपारी 12:50 आहे. मार्च महिना, भिगवणचं उघडं पाणी, त्यावर ऊन. त्या वेळी पाण्यावरची हवाच थरथरत असते आणि स्कोप पक्षी मोठा करतो तशी ती थरथरही मोठी करतो, 60 ला तर रोहित पक्षी पाण्यात विरघळल्यासारखेच दिसणार. अशा वेळी जगातला कुठलाही स्कोप असो, 25 वर आणायचा आणि जवळचं बघायचं. तोच स्कोप सकाळी सातला लावा, हवा थंड असते, मग 50-60 ला पट्टकादंबाच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेला स्थलांतरित हंस) मानेत अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेल्या कॉलरवरचे आकडे वाचता येतात, मंगोलियात घातलेल्या कॉलरचे पक्षी आपल्याकडे दिसलेत. 60 त्यासाठी असतो.

आणि एक बोलू नये पण बोलतो. त्याच फोटोत कोपऱ्यात गाडीचा आरसा आणि अर्धी वर असलेली काच दिसतेय. गाडीतून बघितलंत ना सर? गाडीची काच गाडीसाठी ठीक आहे, पण तिच्यातून 60 पट बघायचं म्हणजे तिच्यातले सगळे दोष 60 पट. त्यात एसी चालू असेल तर इंजिन चालू, म्हणजे सगळी गाडी हलतेय. हे माझ्या दुकानाच्या नावाखाली एक स्टार म्हणून आलं याचं वाईट वाटतं, बाकी काही नाही. या दुकानावर माझ्यासकट तीन घरं चालतात.

वापरलेला झूम परत घेता येत नाही, ते बिलावरही आहे. पण येत्या रविवारसाठी माझ्याकडचा 30 चा वाइड घेऊन जा, भाडं नको, सकाळी बघा, आवडला तर मग बोलू, जमेल तेवढं कमी करून देईन. बाकी डेमो सकाळच्या वेळी ठेवायचा विचार चालू आहे, माणसं कमी आहेत, बघू कसं जमतंय. काउंटरवर झूम आणि फिक्स्डचा फरक लिहून एक कागद लावायचाय, तोही होईल.

सोमवारी दुकान बंद असतं. येताना स्कोप आणि बिल आणा, आणि तो मोबाईलचा ट्रायपॉड वापरत असाल तर तोही आणा, कारण त्यावर 80 चा स्कोप 60 ला स्थिर राहणं शक्यच नाही.