मनं नाव कोठे शे?

परवा आमच्या हमाल युनियनची वार्षिक सभा आहे. किती निवेदनं दिली, किती वर्गणी जमली, हे सगळं कागदावर तयार आहे. पण मला जे बोलायचं आहे ते त्या कागदात बसत नाही, म्हणून इथं लिहितोय.

एप्रिलमध्ये आमच्या अमळनेर भागात दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याची आवक जोरात होती. ऊन तुम्हाला माहीतच आहे. दुपारी ट्रकच्या फळीवरून आमचा एक गडी पाठीवर धान्याचा कट्टा (पोतं) असतानाच घसरला. मणक्याला मार लागला, तीन महिने तो अंथरुणावर होता. अठरा वर्षं त्याच आडतीवर माल उतरवणारा माणूस, पण आडतीच्या रजिस्टरला नाव नाही आणि हमालांची नोंद ठेवणाऱ्या माथाडी मंडळाकडेही नोंद नाही. मजुरी रोजच्या रोज हातात, लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकानं मंडळात भरायची जादा रक्कम, कुणी कधी भरलीच नाही. दवाखान्याचा खर्च हमालांनी पन्नास-शंभर करत गोळा केला. त्या रात्री पैसे मोजताना मला लाज वाटली. सेक्रेटरी म्हणून एवढी वर्षं मी बाजार समितीच्या यार्डात फिरतोय, आणि त्याची नोंद झाली की नाही हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नंतर आम्ही आडतीमागून आडत पालथी घातली आणि नोंद नसलेल्यांची यादी केली. यादी वाचून दाखवली तेव्हा चाळणीवर बसलेली एक मावशी उठून म्हणाली, "भाऊ, मनं नाव कोठे शे?" म्हणजे, माझं नाव कुठं आहे?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायका धान्य चाळतात, निवडतात, पोत्यात भरतात, तोंड शिवतात. ते झाल्याशिवाय आमच्या पाठीवर कट्टा चढत नाही. तरी त्यांना हमाल कुणी म्हणत नाही, आम्हीही म्हटलं नाही. १९६९ चा माथाडी कायदा काढून पुन्हा वाचला. बाजारातल्या कामांच्या यादीत भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे हे सगळं लिहिलेलं आहे. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. बायकांचा हक्क कायद्यात होता, चूक आमच्या यादीत होती.

२०२५ मध्ये बाहेरही बरंच घडलं. ९ जुलैच्या देशव्यापी संपात आम्ही होतो. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबरला चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र, हे त्यातलं मला मनापासून हवं आहे. पण कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी घ्यायची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून पुढे, आणि कंत्राटी कामगारांचे नियम ५० कामगारांपासून पुढे. जळगावच्या एमआयडीसीत चटई आणि डाळीच्या कामाला जाणारी आमच्या गावांतली पोरं बहुतेक कंत्राटदाराकडेच असतात. त्यांच्या हातात काय पडणार, ही काळजी मला झोपू देत नाही.

८ डिसेंबरला बाबा आढाव गेले. पुण्याच्या हमालांना त्यांनी संघटित केलं, पण त्यांच्यामुळे इथल्या हमालाचीही मान वर झाली. बातमी आली त्या दिवशी यार्डात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

आणि यावल तालुक्यातल्या किनगावजवळची ती रात्र मी विसरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले रावेर तालुक्याकडचे मजूर खाली दबले. बायका होत्या, लेकरं होती. मालावर बसून घरी परतायची वेळ मजुरावर येते, कारण त्याला नेण्या-आणण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. केळीच्या कापणीवर जाणाऱ्या टोळ्या आजही तशाच जातात. नव्या वर्षात त्यांच्यापर्यंत पोचायचं, असं मी ठरवलंय. एकट्यानं होणार नाही. यावल-रावेरकडची कुणी मंडळी हे वाचत असतील तर हाक द्या.

आमच्या गड्याची नोंद सप्टेंबरमध्ये झाली. आता तो हलकं काम करतो, कट्टा उचलत नाही. बायकांचे अर्ज भरून ठेवलेत, सोमवारी मंडळात द्यायचे आहेत. चाळणी-निवडणीवरच्या ज्या मावश्या, ताया राहिल्या असतील त्यांनी रविवारी दहा वाजता आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन यार्डाच्या गेटवर यावं. फोटो नसेल तरी या, तिथंच काढू.